नजमाचे घटनाकार

"खोलीत पाहुणा ठेवायचा नाही." आखातातल्या नजमा वस्तीतल्या एका भाड्याच्या खोलीच्या भिंतीवर हा नियम उस्मानचाचांनी दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहून डकवला होता. आता इथला फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आला होता, तनवीरचा मेहुणा मॅचची तिकिटं घेऊन रत्नागिरीहून निघायच्या बेतात होता आणि खोलीतल्या एकुलत्या रिकाम्या पलंगावर त्याच्याच खोलीत राहणाऱ्या फजलनं आपल्या बॅगा पसरल्या होत्या.

तनवीर इथल्याच एका अमेरिकन कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. अमेरिकेच्या घटनेवरून प्रोफेसर कसे हमरीतुमरीवर येतात, ते तो रोज ऐकायचा. त्यानं बाह्या सरसावल्या. "फजल, नियम जिवंत असतो. काळ बदलला की अर्थ बदलतो!"

"अजिबात नाही!" फजललाही चेव चढला. "लिहिला त्या दिवशी जो अर्थ, तोच आजही!"

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. "अरे, पण मी तो लिहिला तेव्हा..."

"चाचा, तुम्ही मधे पडू नका!" दोघं एकदमच ओरडले. तनवीरनं वर समजावलंही, "लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, याला तिकडे अमेरिकेत आता काडीची किंमत नाही."

"बरं," म्हणत चाचांनी दार उघडलं आणि जिन्यात ताटकळलेल्या पुतण्याला हाक मारली, "अयाज, यल्ला, चल लवकर, आत ये. यांचा निकाल लागेपर्यंत पलंग धर."