लपवलेला रकाना

इमारतीतल्या रहिवाशांच्या नोंदींचा प्रोग्राम मी भरदुपारी घरी बसून दुरुस्त करत होते. कुठल्या घरात किती माणसं, हे मोजणारा रकाना आधीच्या प्रोग्रामरने स्क्रीनवरून लपवला होता. असे रकाने दिसत नसले तरी आतून काम करतच राहतात. पण लपवाछपवीचा मला मुळातच राग. मी तो उघड केला.

आमच्या घरापुढे तीन हा आकडा आला. नोंदीत नावं दोनच, माझं आणि लेकीचं. पुन्हा मोजायला लावलं. तीनच.

"छकुले, आत कोणी आलंय का गं?"

"नाही आई, आपण तिघंच आहोत."

घाईघाईने मी रकाना पुन्हा लपवला.

आतून तिचा रडवेला आवाज आला. "आई, आता तो दिसत नाहीये. पण माझा हात सोडत नाहीये."