हक्काचं कपाट

नवऱ्याचा आवाज पार जिन्यापर्यंत जात होता. "ख्रिश्चनांची ढिगानं राष्ट्रं, मुसलमानांची ढिगानं राष्ट्रं. आपण शंभर कोटींच्या वर, आणि हक्काचं एक हिंदू राष्ट्र नाही! आपली माणसं जगभर विखुरलीत, जिथे तिथे दुसऱ्याच्या मेहेरबानीवर."

"भावोजी, देश सगळ्यांचाच आहे. म्हणजे आपलाही आलाच की," मेहुणा एवढंच म्हणाला. त्यावर नवरा असा काही उखडला, की मेहुणा चहा अर्धा ठेवून चपला घालून निघालाच.

बायको कप उचलायला आली. "तुमचं पटलं हो मला."

नवऱ्याची छाती फुगली.

"घरात चार कपाटं. एक तुमचं, एक आईंचं, दोन मुलांची. माझे कपडे चारही कपाटांत विखुरलेत, आणि जिथे तिथे अल्पसंख्याक. मलाही एक हक्काचं कपाट हवं."

"अगं, वेगळं कशाला?" नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. "चारही कपाटं सगळ्यांचीच आहेत. म्हणजे तुझीही आलीच की!"

बायको धावत खिडकीशी गेली आणि खाली वाकून ओरडली, "दादा, वर ये परत! तुझं म्हणणं पटलं यांना. चहा टाकते."