पिठाचं बोचकं

पुन्हा धप्प.

नातीला खांद्यावर थोपटत फिरणाऱ्या सासूबाई जागच्या जागी थबकल्या. आवाज सुनेच्या खोलीतून आला होता. जेवणं झाली की तिला थकवा येतो, मग ती दार लावून घटकाभर आडवी होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आडव्या झालेल्या माणसाचा असा आवाज होत नाही.

वस्तू आपटतेय, दुसरं काय. रागावली असणार, आणि रागवायला कारणही होतं. सकाळी ती ढमीला घेऊन खुर्चीतून उठायला गेली, तशी सासूबाईंनी झडप घालून नात काढून घेतली होती. ‘बाळाला बसून घे हवा तितका वेळ, पण उभ्याने नाही,’ हा नियम मुलाने घातलेला, आणि तो पाळून घ्यायचं काम सासूबाईंकडे. सुनेच्या दुखण्याचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. सासूबाईंची जीभ त्यावर अडखळे, म्हणून त्या नुसतं ‘तिचं ते’ म्हणत. त्यात नसा मेंदूचा निरोप नीट पोचवत नाहीत, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. सासूबाईंना त्यातलं एवढंच कळलं होतं, की तिचा डावा पाय चालता चालता मध्येच दगा देतो. कधी देईल, ते त्या पायालाच माहीत.

म्हणून सून बसलेली असली, ढमी तिच्या मांडीवर असली, तरी सासूबाईंची ओंजळ खाली तयार असे. सून नुसती त्या ओंजळीकडे बघे.

धप्प. आणि पाठोपाठ हसू.

बंद खोलीत ती एकटीच हसत होती. आता मात्र सासूबाई थांबल्या नाहीत. त्यांनी दार ढकललं.

पलंगावरच्या दोन्ही गाद्या जमिनीवर अंथरलेल्या. त्यांवर सून उताणी पडलेली, घामाघूम, केस विस्कटलेले. दोन्ही हातांनी तिने छातीशी ढमीचं दुपटं धरलं होतं, आणि त्या दुपट्यात काहीतरी गच्च बांधलेलं होतं.

‘अगं बाई! लागलं का गं?’

‘नाही, आई. मुद्दाम पडले.’

कोपरावर जोर देत ती उठून बसली आणि तिने बोचक्याची गाठ सोडली. आत पिठाची पिशवी. तिच्या वर, डोकं असावं त्या जागी, ढमीची लोकरीची टोपी. टोपीत एक अंडं.

‘म्हणजे फ्रिजमधली अंडी...’

‘मीच घेत होते.’

‘आणि मी तुझ्या नवऱ्याला बोल बोल बोलले! म्हटलं, हाच चोरून ऑम्लेट करून खातो.’

सून पुन्हा हसली. मग हसू आवरून म्हणाली, ‘व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलंय पडायचं कसं ते. आई, मी पडणार. आज नाही तर उद्या, पण पडणारच. तो पाय काही माझं ऐकत नाही. पण पडता पडता अंग वळवायचं, पाठ खाली घ्यायची, तिला वर धरायचं, एवढं तर मी करू शकते ना? आधी रोज अंडं फुटायचं. आता नाही फुटत.’ तिने खिडकीकडे पाहिलं. ‘मला तिला उचलून त्या खिडकीपर्यंत न्यायचंय. झाडावरची पाखरं दाखवायचीत. बसून नाही दिसत ती.’

सासूबाईंनी टोपीतलं अंडं बोटाने चाचपून पाहिलं. हिने पडू नये म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून बसलो, आणि ही दार लावून नीट पडायला शिकत होती. त्यांना तिचा एकदम फार अभिमान वाटला. सकाळच्या झडपेची लाजही वाटली.

त्या गादीवर टेकल्या. एका हातावर ढमीला घेतलं, दुसऱ्यावर बोचकं, आणि भाजी जोखावी तसं दोघांना खालीवर करून पाहिलं.

‘हे हलकं आहे गं. ही या महिन्यात चांगली भरलीय.’

ढमीला उशांच्या मध्ये ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पिठाचा डबाच उचलून घेऊन आल्या. पिशवीत आणखी पीठ घातलं, गाठ आवळली, अंड्यावरची टोपी सारखी केली.

‘हं. पड बघू.’

सून भिंतीला धरून उभी राहिली. दोन्ही हातांत बोचकं घेतलं, श्वास घेतला आणि अंग सोडून दिलं. धप्प. सासूबाईंचे हात सवयीने पुढे गेलेच, पण त्यांत काही आलं नाही. सून खाली होती, बोचकं वर. अंडं शाबूत.

सासूबाईंनी टोपीतून अंडं काढून घेतलं. ‘आता जरा दम खा. मग ढमीला घे. खिडकी काही लांब नाही.’

‘आणि नियम?’

‘नियम करणारा ऑफिसात आहे.’

सुनेची धाप कमी होईपर्यंत त्यांनी गाद्या ओढून खिडकीच्या वाटेवर डाव्या अंगाला लावल्या. मग ढमीला तिच्या हातांत दिलं, उशीवर ठेवलेलं अंडं उचलून घेतलं आणि बाजूला झाल्या.

सून निघाली. डावा पाय थोडा ओढत, घाई न करता. सासूबाई मागून. हात पुढे जायला बघत होते, म्हणून त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले. अर्ध्या वाटेत पाय लटपटला. सून थांबली, सावरली, पुन्हा चालू लागली. खिडकीशी पोचल्यावर ढमीने काचेवर चापट मारली आणि फांदीवरची पाखरं भुर्रकन उडाली.

‘पोचलो, आई!’ सून वळून म्हणाली. आणि मग तिची नजर खाली गेली.

सासूबाईंच्या मागे, फरशीवर, पिवळा बलक ठिबकत होता.