चढावरचा आकडा

आबा सुनेच्या मागे स्कूटरवर अंग चोरून बसले. हातात व्होल्ट मोजायचं मीटर होतं, आणि मीटरच्या दोन लांब वायरी सीटच्या फटीतून आत जाऊन एका बॅटरीला चिमट्यांनी धरून होत्या. समोर इस्पितळाचा चढ उन्हात पसरला होता.

"मी रस्ता बघणार. आकडा तुम्ही वाचायचा, मोठ्यानं," सून म्हणाली. तिच्या अंगावर परिचारिकेचा पांढरा गणवेश होता. तिची दुपारची पाळी आजपासून सुरू होत होती.

अट आबांनीच घातली होती, आणि परगावी असलेल्या मुलाने फोनवरून त्या अटीला होकार दिला होता. ही सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी वरच्या इस्पितळापर्यंत चढली तर नोकरी, नाही तर घर. गाडी रोज अर्ध्या चढावर मान टाकत होती. सकाळी पायथ्याच्या बॅटरीवाल्याने दुकानातच चारही बॅटऱ्या तपासल्या, चारही ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि मोटरच गेली असा निकाल दिला, तेव्हा आबांना आतून गार वाटलं होतं. मोटर गेली म्हणजे गाडी भंगारात. म्हणजे दुपारी घरात भांड्यांचा आवाज राहणार, आणि चहा टाकू का, असं कुणीतरी विचारणार.

सुनेने तो निकाल मानला नाही. लग्नाआधी ती हृदयरोग्यांच्या वॉर्डात होती. खाटेवर पडलेल्या माणसाची नाडी काही सांगत नाही, त्याला जिना चढायला लावावं लागतं, असं तिने बॅटरीवाल्याला सुनावलं आणि त्याचंच मीटर मागून घेतलं. ओझं कुठून आणणार, म्हणून तो हसला. ओझं घरचंच आहे, ती म्हणाली आणि तिने आबांना मागे बसवलं.

आबांचा जन्म ट्रकच्या वजनकाट्यावर आकडे वाचण्यात गेला होता. पहिल्या बॅटरीला त्यांनी जुन्या सवयीने हेल काढला. बारा पॉइंट तीन, बारा पॉइंट एक, अकरा पॉइंट नऊ. दुसरीही तशीच भरली. गाडी दोन्ही वेळा अर्ध्यावर अडली, पण बॅटरी निर्दोष निघाली. खरं बोलणं सोपं जात होतं, कारण खरं त्यांच्या बाजूचं होतं.

तिसऱ्या फेरीत चिमटे तिसऱ्या बॅटरीला लागले आणि चढ सुरू होताच आकडा घसरू लागला. अकरा. दहा. नऊ. आबांनी काचेवरचा तो आकडा पाहिला. त्याच्या पलीकडे त्यांना आपल्या स्वयंपाकघराचं लोटलेलं दार दिसलं.

"बारा," ते म्हणाले.

सुनेने ब्रेक दाबला.

"बारा किती?"

"बारा म्हणजे बारा."

"आबा, तुम्ही मला दुधाचं मापसुद्धा पॉइंटात सांगता. आजचा पॉइंट कुठे सांडला?"

गाडी थांबली तशी बॅटरी सावरली होती, आकडा पुन्हा बाराच्या वर आला होता. आबांनी मीटर तिच्या डोळ्यांपुढे धरलं. आता त्यांचं खोटं खरं झालं होतं.

"थांबल्यावर सगळेच बरे असतात," ती शांतपणे म्हणाली आणि तिने गाडी पायथ्याकडे वळवली. या वेळी चुकलात तर गाडी तुम्ही चालवायची नि आकडा मी वाचायचा, असंही जाता जाता बजावलं.

पुन्हा चढ. आबा वाचत गेले. अकरा पॉइंट दोन. दहा पॉइंट चार. नऊ पॉइंट एक. आवाज इतका सपाट होता, की जणू ते दुसऱ्याच कुणाच्या मालाचं वजन सांगत होते.

चौथी बॅटरी चांगली निघाली. दुकानापाशी उतरून सुनेने चारही बदलायला सांगितल्या. जुन्यांच्या रांगेत एकटी नवी घातली, तर जुन्या तिला ओढून आपल्याएवढी करून टाकतात, हे तिने तोडून सांगितलं. बॅटरीवाल्यालाही ते ठाऊक होतं. काम संध्याकाळपर्यंत होईल, एवढंच तो म्हणाला.

आबांना तेवढा धागा पुरला.

"म्हणजे आज गाडी वर गेली नाही. अट ती अट."

सुनेने डबा पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"अट गाडीला होती, आबा. मला नव्हती."

आणि ती पायी चढाला लागली.

बॅटरीवाल्याने सीट उघडली, पाना हातात घेतला आणि आबांकडे पाहिलं. सूनबाई तर गेल्या, तो हळूच म्हणाला, तिसरी तेवढी नवी टाकतो, काही महिने सहज निघतील. आबांना त्याचा अर्थ कळत होता. काही महिने, आणि मग पुन्हा अर्धा चढ.

वर, गाडी जिथे रोज अडायची, तिथे ती पांढरी आकृती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली. आबांच्या छातीत आशा हलली, आणि ती हलल्याचं जाणवताच त्यांना स्वतःची लाज वाटली. मग ती ताठ उभी राहिली आणि मागे न बघता वळणाआड गेली.

"एकच ना, बाबा?" बॅटरीवाल्याने विचारलं.

"गाडी तिची आहे," आबा म्हणाले. "चार म्हणालीय ती. मला काय विचारतोस?"