रिकाम्या पाइपाचं ओझं

"धुरात वाट चुकलीस, तर पाइप सोडू नकोस गं बाये, तोच बाहेर आणतो," असं दादा म्हणायचा. गोदामाची आग विझवायला आत गेलेला तो स्वतः मात्र सापडलाच नाही.

भर दुपारी ती बंबावर उभी राहून पाइपाच्या घड्या घालत होती. पाइप रिकामा होता, त्याचं दुसरं टोक समोर उन्हात मोकळं पडलं होतं. तरी कुणीतरी धरून मागोमाग यावं, तसा तो जड लागत होता.

"अडकला असेल. सोड," खालून ड्रायव्हरकाका म्हणाले.

"कशात अडकलाय, दाखवा की!"

तिने कंबर कसून ओढलं. घडीवर घडी चढत गेली, पण उन्हातलं टोक तसूभरही हललं नाही.

"आता मी नाही सोडायची," ती म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. "पोरी, दर वेळी मीही ओढतो. पाइपावर तुझ्या दादाची बोटं दिसू लागली, की पाइप सोडून देतो."