आढं नसलेलं छप्पर

"खाली वाक, बाबा. अजून थोडा."

बाबा वाकले, पण मनाविरुद्ध. हेल्मेटची कड चौकटीला घासून गेली. उंबरा ओलांडल्यावर ते जागच्या जागी उभे राहिले.

"आलो का?"

"आलो."

"छान. आता काय दाखवणार आहेस मला?"

'दाखवणार' या शब्दावर त्यांनी मुद्दाम जोर दिला. त्यांच्या लेकीने, कादंबरीने, तो ऐकला आणि सोडून दिला. या हिवाळ्यात काचबिंदूने त्यांची उरलीसुरली नजर नेली. तेव्हापासून ते कॅरी गावातल्या घरात खिडकीशी बसून असायचे. मित्रांचे फोन घेत नव्हते. आज ती त्यांना जवळजवळ ओढूनच गाडीत घालून व्हर्जिनियात, आपल्या कामाच्या जागी घेऊन आली होती.

हे घर मूळचं इंग्लंडमधलं. सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या एका जमीनदारासाठी सुतारांनी ओकच्या लाकडात उभं केलेलं. पुढे कधीतरी एका हौशी अमेरिकन श्रीमंताने ते सुटं करून बोटीवर चढवलं आणि इथे नदीकाठी पुन्हा जुळवलं. आता ते संरक्षित होतं. परवानगीशिवाय एक खुंटीसुद्धा हलवायची नाही. त्याचे कुजलेले खांब दुरुस्त करायचं काम कादंबरीकडे होतं. बाकीचे सुतार बाहेर झाडाखाली जेवत होते. आत दोघंच होते.

तिने बाबांचा हात धरला आणि लाकडावर ठेवला.

"हा कोपऱ्यातला खांब."

हात मागे घ्यावा असं त्यांच्या मनात आलं असावं. पण तळवा तिथेच राहिला. लाकूड दगडासारखं झालं होतं. बोटं तासणीच्या खुणांवरून हळूहळू खाली उतरत गेली. उतरता उतरता बाबा गुडघ्यांवर बसले. एका जागी त्यांचं नख अडलं.

"इथे काहीतरी आहे."

"सांधा आहे. खालचा भाग सडला होता. तेवढाच कापला आणि नवं लाकूड बसवलं."

"कुणी?"

"मी."

बाबांनी ती रेघ परत एकदा चाचपली. "हाताला लागतोय. गुळगुळीत नाही करता आला?"

"आला असता. पण अशा घरात दुरुस्ती लपवायची नसते, बाबा. जुनं कुठे संपलं ते पुढच्यांना कळलं पाहिजे."

बाबांनी रेघेवरचा हात काढला. मग त्यांनी मान वर केली.

"वर काय आहे?"

"छप्पर. खूप हाय आहे. मध्ये एक मोठा बीम आडवा गेलाय, आणि त्याच्यावर..."

"तुळई. तिच्यावर."

"तिच्यावर राफ्टर्स..."

"वासे. कादंबरी, घाईघाईने नको. मला दिसेल असं सांग."

ती त्यांच्या शेजारी फरशीवर फतकल मारून बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांना या घराबद्दल इंग्रजीत ती तासभर सांगू शकायची. मराठीत मात्र एकेक शब्द शोधावा लागत होता. शब्द सापडला नाही की ते लाकूड काय काम करतं ते ती सांगायची, आणि बाबा त्याचं नाव द्यायचे.

तिने सांगितलं की तुळई सरळ नाही, मध्ये उचललेली आहे. झाड वाकडं वाढलं होतं, तसंच ते वापरलं. कुठे खिळा नाही, सगळ्या लाकडाच्या खुंट्या. तेव्हा धुराडं नव्हतं. याच फरशीच्या मध्यावर आग पेटायची आणि धूर वरच कोंडायचा.

"म्हणून वासे अजून ब्लॅक आहेत. तव्याच्या खालच्या बाजूसारखे."

"काजळी," बाबा म्हणाले. "अख्खा समुद्र ओलांडून आली, तरी गेली नाही?"

"नाही गेली."

बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आणि आढं?"

"ते काय असतं?"

"सगळ्यांत वरचं लाकूड. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्हीकडचे वासे त्याच्यावर टेकतात."

कादंबरीने वर पाहिलं. हे छप्पर तिला पाठ होतं, तरी तिने पुन्हा नीट पाहिलं.

"ते नाहीये, बाबा. वासे जोडीजोडीने आहेत. वर जाऊन एकमेकांना टेकलेत."

"एकमेकांनाच?"

"एकमेकांनाच."

"आणि पडत नाहीत?"

"अजून तरी नाही."

बाबा चेहरा वर करून तसेच बसून राहिले. खरंच काही पाहत असल्यासारखे. त्यांचे डोळे तुळईच्या जरा डावीकडे लागले होते. कादंबरीने ते सांगितलं नाही.

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. जेवणं आटोपत आली होती. आता करवती सुरू होतील, उठायला हवं, असं तिच्या मनात आलं.

"आणि तू?" बाबांनी विचारलं.

"मी काय?"

"तू कशी दिसतेस आता?"

ती हसली. "मी? हेल्मेट आहे डोक्यावर. भुवयांवर भुसा. नेहमीसारखीच, यार."

"नेहमीसारखी म्हणजे कशी? माझ्याकडे तू मागच्या वर्षीचीच आहेस. तीही अंधूक."

तिने हेल्मेट काढून फरशीवर ठेवलं आणि घामाने चिकटलेले केस कानामागे सारले.

"थोडे पिकलेत, बाबा. केस."

बाबांनी नीट मांडी घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"डावीकडून सुरू कर," ते म्हणाले. "मला दिसेल असं."