पोह्यांबरोबर पासपोर्ट

"बाबा, आज पासपोर्टचा विषय काढायचा नाही," पोहे परतता परतता कृतिकाने पुन्हा बजावलं. "आणि एनर्जी ट्रस्टचाही नाही."

विश्वनाथरावांनी निमूट मान डोलावली. नवा शर्ट त्यांना गळ्याशी काचत होता.

आनंदीकाकू आणि त्यांचा मुलगा निहार लंडनहून, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या लंडनहून, बर्फातून गाडी हाकत रिचमंड हिलला आले होते. गणपतीच्या जेवणात ओळख झाली आणि तेव्हापासून कृतिकाने हे स्थळ मनात धरलं होतं. आई गेल्यापासून घर मुकं झालं होतं. ही मायलेकरं तिला फार आवडली होती.

पोह्यांचा पहिला घास पोटात गेला आणि निहारने सहज विचारलं, "काका, रिटायर झाल्यावर वेळ कसा घालवता?"

झालं. आयतंच निमित्त मिळालं.

"कॅनडाचा पासपोर्ट आहेच," विश्वनाथराव खुलले. "कॅरिबियनमधल्या एका बेटाचाही घेतलाय. आता पोर्तुगालसाठी अप्लाय केलंय. पैशांचंही तसंच. थोडे तेलाच्या ट्रस्टमध्ये गुंतवलेत, थोडे गॅसच्या, थोडे पवनचक्क्यांच्या. एक बुडालं तर दुसरं तारतं."

कृतिकाने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

"इतके देश कशाला हो?" आनंदीकाकू हसत म्हणाल्या. "कुठे पळून जायचा बेत आहे का? माझा आपला एकच पासपोर्ट. भारताचा. तो काही मी सोडायची नाही."

मोडलं, कृतिकाला वाटलं. एवढं चांगलं स्थळ बाबांच्या या खुळापायी हातचं गेलं.

विश्वनाथरावांनी बशी खाली ठेवली. "कृतिकाच्या आईला शेवटचं माहेरी जायचं होतं. पासपोर्ट कॅनडाचा, म्हणून भारताचा व्हिसा लागला; तो हातात आला, तेव्हा ती उरली नव्हती. तेव्हापासून वाटतं, आपल्या माणसासाठी कुठलंच दार बंद असू नये. बाकी मला बेटाचं काय करायचंय?"

काकूंनी आपली बशी पुढे केली. "कृतिका, अजून थोडे वाढ गं."

निहारने कृतिकाकडे पाहिलं. "दोघांना जरा एकटं बोलू द्यायचं असतं ना आता?"

कृतिका लगेच उठली. तिने जॅकेट चढवलं, बूट घातले. तोवर ड्राइव्हवेवरचा बर्फ तरी शोव्हलने उपसून होईल, असं म्हणत निहारही तिच्यामागे निघाला. दारात तो थबकला.

"आई, आवडले तर सरळ हो म्हण. माझं बघत बसू नकोस," तो म्हणाला आणि त्याने बाहेरून दार ओढून घेतलं.